शेवरोले ३१०० (१९५१): केबिनच्या आतले पत्रे आणि पुठ्ठे वाचवायचे आहेत, मदत हवी

अर्धाटन

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय.

आईच्या माहेरची गाडी आहे. शेवरोले ३१००, अर्ध्या टनाचा पिकअप, आरसी पुस्तकात १९५१ लिहिलंय म्हणतात. जनरल मोटर्सचा शिवडीला जुळणीचा कारखाना होता, १९२८ ते १९५४, तिथलीच ही असावी. आजोबा सासवडहून अंजीर आणि सीताफळाच्या पाट्या भरून दिवेघाट उतरायचे आणि उजाडायच्या आत मंडईत पोचायचे. नंतर ती गोठ्याशेजारच्या छपराखाली जी उभी राहिली ती राहिलीच. गेल्या दिवाळीत मामाने जागा मोकळी करायला काढली आणि भंगारवाला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा आम्ही ती ओढत धायरीला आणली. इंजिन वेगळ्या माणसाकडे गेलंय, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

प्रश्न केबिनच्या आतल्या बाजूचा आहे. टपाला आतून पुठ्ठ्याचं अस्तर होतं, ते ओल्या पापडासारखं लोंबतंय. पायाकडचे दोन्ही बाजूंचे पुठ्ठे उंदरांनी खाल्लेत, उरलंय ते भुसा. दोन्ही दारांना आतून हार्डबोर्ड ठोकलाय, त्यावर हिरवं रेक्झीन. ठोकलाय म्हणजे खरोखर चुका मारून ठोकलाय, स्क्रू नाहीत. खालून टॉर्च मारला तर दाराच्या तळाला बोट आरपार जाईल अशी तीन भोकं दिसतात. डॅशबोर्डचा पत्रा मात्र धडधाकट आहे, फक्त कुणीतरी त्यावर घराच्या ग्रिलचा ऑइलपेंट दोनदा मारलाय.

एका वर्कशॉपमध्ये विचारलं. त्यांनी बोर्ड न काढता, बाहेरूनच बघून सांगितलं, "सगळं फेकून द्या मॅडम, नवीन करून देतो, आठ दिवसांत." आठ दिवस ऐकून मीच घाबरले.

मला हे शक्य तितकं स्वतः करायचंय. शनिवार-रविवार मोकळे आहेत, ग्राइंडर चालवता येतो, वेल्डिंग येत नाही. सुरुवात कुठून करू?

भोसरीचा_अण्णा

दादा, आधी सीटच्या मागे बघा.

ह्या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत असते, सीटच्या पाठीमागे उभी. १९४९ च्या मॉडेलपासून तशी दिली. म्हणजे तुम्ही ज्या खोलीत ग्राइंडर लावणार त्याच खोलीत टाकी आहे. "रिकामी आहे, तीस वर्षं पेट्रोल नाही" असं म्हणू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट, कारण तिच्यात वाफ असते. पहिल्या दिवशी एकच काम: टाकी सोडवा, बाहेर न्या, गाडीपासून लांब ठेवा, तोंडं उघडी ठेवा. आणि तिला टाका लावायला कुठल्याही कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे देऊ नका. तरुणपणी एक माणूस असा गेलेला पाहिलाय, जास्त लिहीत नाही.

दुसरं. काहीही फेकू नका. खाल्लेला पुठ्ठासुद्धा फेकू नका. अर्धा उरलेला तुकडा म्हणजे तुमचा फर्मा. एक बाजू खाल्ली असेल तर दुसऱ्या दाराचा उलटा करून बघा, बऱ्याचदा जुळतो. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने लिहा: डावा, उजवा, वरची बाजू, कुठल्या भोकात कुठला स्क्रू. मी टूलरूममध्ये अडतीस वर्षं काढली, पण घरच्या स्कूटरचे दोन स्क्रू आजही डब्यात आहेत, कुठले ते कळत नाही.

तिसरं, दारांचे बोर्ड. ह्या मॉडेलला कारखान्यातून दाराला बोर्ड नसतोच. आतला पत्रा रंगवून तसाच उघडा, मध्ये एक झाकण, ते काढलं की काच वर-खाली करायची यंत्रणा हाताला लागते. म्हणजे तुमचा हिरवा बोर्ड नंतर कुणीतरी आपल्याकडेच लावलाय. त्याच्या मागे काय आहे त्यावर सगळं ठरेल. पुढून छान दिसणारं दार मागून चाळणी असतं. पॅनेलचं काम म्हणजे मागच्या बाजूचं काम, पुढची बाजू कोणीही करतो.

अर्धाटन

अण्णा, मनापासून आभार. टाकी उद्याच काढते. (आणि दादा नाही, ताई. पहिल्या पोस्टमधल्या मॅडमवरून कळायला हवं होतं.)

भोसरीचा_अण्णा

चष्मा वर सरकवलेला होता. क्षमस्व ताई.

मुळशी_एक्सप्रेस

फोटोंशिवाय धागा म्हणजे चटणीशिवाय वडापाव. खुर्ची टाकून बसलोय.

शनिवारातला

पुस्तकात १९५१ लिहिलंय म्हणून गाडी १९५१ ची असते असं नाही. दारं बदललेली असतात, केबिन बदललेली असते, कधीकधी मालकसुद्धा बदललेला असतो. दोन गोष्टी सांगा. दाराच्या पुढच्या भागात फिरणारी तिकोनी काच आहे का? आणि दाराचं बाहेरचं हँडल खाली फिरवायचं आहे की बटण दाबायचं?

अर्धाटन

तिकोनी काच आहे, डावीकडची तडकलेली. हँडल फिरवायचं. घट्ट झालंय, दोन्ही हात लागतात.

शनिवारातला

ती काच १९५१ पासून आली, बटणाचं हँडल १९५२ पासून. म्हणजे दारं १९५१ चीच. एवढ्यात भाग्यवान आहात. तेवढंच.

रसायन

ताई, ग्राइंडरला हात लावायच्या आधी माझंही ऐका, कारण अण्णांनी आगीचं सांगितलं, मी छातीचं सांगते.

त्या काळच्या रंगात शिसं असणारच असं धरून चाला. सुका घासायचा नाही. वॉटर पेपर आणि पाणी, खाली प्लास्टिक, नंतर तो चिखल गोळा करून बांधून वेगळा ठेवायचा, बागेत ओतायचा नाही. तोंडाला कापडी रुमाल नाही, कण अडवणारा धड मास्क. लहान मुलं त्या दिवशी आजीकडे. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला आतून जुनं जाड अस्तर असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका. पाण्याचा फवारा मारून भिजवा, अखंड सोलून काढा, दोन पिशव्यांत बंद करा.

आता गंज. डॅशबोर्ड आणि दाराच्या आतल्या भागाला फॉस्फरिक आम्लाचं तयार द्रावण मिळतं, बोहरी आळीत विचारा. गंजाचं आयर्न फॉस्फेट होतं, काळपट राखाडी थर दिसतो. पण आधी तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायलाच हवा, खपल्यांवर ओतून उपयोग नाही. आणि नंतर उरलेलं आम्ल पाण्याने नीट पुसून, पूर्ण वाळवून मगच प्रायमर. इपॉक्सी प्रायमरला खालचं आम्ल सोसत नाही, दोन महिन्यांनी फुगे येतात आणि माणूस रंगवाल्याला शिव्या देतो.

सुटे छोटे भाग, म्हणजे दारातली झाकणं, काचेभोवतीच्या पट्ट्या, यांना वीज लावा. प्लास्टिकचा टब, पाणी, दर चार लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार साध्या लोखंडाच्या भंगार तुकड्याला. दुसऱ्या दिवशी भाग काळा पण स्वच्छ निघतो. स्टीलचा चमचा किंवा स्टीलची ताटली धन बाजूला लावायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे मोकळ्या हवेत करा, हायड्रोजन सुटतो.

मुळशी_एक्सप्रेस

आमचा एक दोस्त मळीच्या पाण्यात भाग बुडवून ठेवायचा, एकास नऊ. पंधरा दिवसांत गंज गायब. सोसायटीतले शेजारीही जवळपास गायब.

रसायन

मळी चालते, खोटं नाही. वासाचं ते म्हणतात तेही खरं. फक्त ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतीव भाग, उदाहरणार्थ हँडल्स, तिच्यात टाकू नका, खाऊन टाकेल.

सहा_व्होल्ट

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. ही गाडी सहा व्होल्टची आहे. तारांवर कापडाचं आवरण असतं आणि आता हात लावला तर त्याचा भुगा होतो. नेमक्या त्या तारा पायाकडच्या पुठ्ठ्यामागून आणि टपाच्या अस्तराच्या कडेने जातात. नवीन पॅनेलला स्क्रू मारताना लांब स्क्रू मारलात तर तो थेट तारेत. सहा व्होल्ट म्हणून हसू नका. व्होल्ट निम्मे म्हणजे त्याच दिव्याला अँपिअर दुप्पट, तार मस्त तापते. वायरिंग नव्याने करणार असाल तर पॅनेल लावायच्या आधी करा, बारा व्होल्टच्या तारेपेक्षा जाड तार घ्या आणि पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबराची बोंडी बसवा. नाना पेठेत मुठीने मिळतात.

कुशनवाला_नाना

वडिलांचं कुशनचं दुकान होतं, ट्रक आणि टॅक्सी. मी आता घरबसल्या थोडंफार करतो. हार्डबोर्डबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो.

३ मिमीचा हार्डबोर्ड टिंबर मार्केटात मिळतो. लोक म्हणतात हार्डबोर्ड पुण्याच्या पावसात फुगतो. फुगतोच, पण कुठून फुगतो ते बघा. गुळगुळीत बाजूने नाही. कडेने आणि खरखरीत मागच्या बाजूने. आणि आमचे लोक काय करायचे? पुढून रेक्झीन ताणून चिकटवायचे आणि मागची बाजू कोरी. वर्षभरात खालची कड फुलासारखी उघडायची. परत गिऱ्हाईक, परत धंदा. वडिलांनाही हे माहीत होतं, एवढं सांगतो आणि गप्प बसतो.

तुम्ही असं करा. आधी सगळं कापून घ्या, सगळी भोकं पाडून घ्या, गाडीवर एकदा लावून बघा. मगच सील करा, कारण सील केल्यावर एक भोक जरी पाडलंत तरी तिथून पाणी शिरलं. सीलला पीयू (पॉलीयुरेथेन) सीलर दोन हात, मागे आणि चारही कडांना, भोकांच्या आतल्या कडेलाही काडीने. जुन्या पद्धतीने जायचं तर उकळलेलं आळशीचं तेल गरम करून पाजा, आठवडाभर वाळवा. कारखान्यातला टेंपर्ड बोर्ड तेलावरच तयार होतो. फक्त तेलाची चिंधी गोळा करून टोपलीत टाकायची नाही, ती आपोआप पेटते. तारेवर पसरून वाळवायची.

बोर्डाला बाक द्यायचा असेल तर मागची बाजू ओल्या फडक्याने तासभर भिजवा, लाकडी साच्यावर आवळून रात्रभर ठेवा. चिकटवायला सिंथेटिक रबराचं डिंक घ्या, दोन्ही पृष्ठांना लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मग जोडा. घाई केली तर एप्रिलच्या उन्हात रेक्झीन सुटून फुगा येणार. आणि चुका नकोत. स्क्रू आणि कप वॉशर. उद्या काच अडकली की बोर्ड काढावा लागतो, चुका मारलेला बोर्ड काढताना फुटतोच.

दारात वरून पाणी येणारच, काचेच्या फटीतून. ते थांबवायचं नसतं, खाली जाऊ द्यायचं असतं. म्हणून बोर्ड आणि पत्रा यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा पडदा, त्याची खालची कड दाराच्या आत खोचलेली. आणि दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं उघडी पाहिजेत.

अर्धाटन

तीन रविवारांचा हिशेब देते.

टाकी काढली. अण्णा, आत अजून वास होता, अंगावर काटा आला.

डाव्या दाराचा बोर्ड काढायला अडीच तास लागले. पत्र्याची सुरी चुकेखाली सरकवून एकेक उचलली. एकोणचाळीस चुका. बोर्ड सुटल्यावर दाराच्या पोटातून माती सांडली. मूठभर नाही, पाटीभर. बारीक, कोरडी, विटकरी, मेंदीच्या पुडीसारखी. दाराच्या आतल्या पत्र्यावर तळापासून नऊ इंचांवर सरळ रेघ आहे, रेघेच्या खाली गंज, वर जुना रंग शाबूत. निचऱ्याची भोकं शोधायला खिळा घ्यावा लागला. बाहेरून कुणीतरी त्यांच्यावर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला!! म्हणजे पाणी वरून येत होतं आणि जायला वाट नव्हती.

मामाला फोन केला. तो लगेच म्हणाला, "अगं, पानशेतच्या पुरात बुडाली होती ती, बाबा सांगायचे." मला क्षणभर रडूच आलं. १२ जुलै १९६१ चा गाळ माझ्या हातात.

आणि आता खरी गंमत. बोर्डाची मागची बाजू पिवळ्या रंगाने रंगवलेली आहे आणि त्यावर लाल अक्षरं आहेत. हातभर उंचीची, रेखीव, पेंटरने काढलेली. कुशनवाल्याने जुनी पाटी कापून वापरलीये. डाव्या दारावर आहे "येथे गा" आणि पुढे कापलंय. उजव्या दाराचा बोर्ड अजून काढला नाही.

मुळशी_एक्सप्रेस

येथे गाजर हलवा मिळेल.

रसायन

येथे गायन शिकवले जाईल?

कुशनवाला_नाना

हे आमच्याकडेही व्हायचं. हार्डबोर्ड स्वस्त नव्हता, निवडणूक झाली की पाट्याच पाट्या. पण ही निवडणुकीची वाटत नाही.

शनिवारातला

पाटीचं बघू नंतर. गाळाचं बघा आधी. पानशेतचं पाणी पेठांत नुसतं टेकून गेलं नाही, नदीकाठची घरं मजल्यापर्यंत बुडाली. त्यात उभी असलेली गाडी दारात नऊ इंच रेघ घेऊन बाहेर येत नाही, डॅशबोर्डच्या मागेही गाळ सापडायला हवा. सापडला? शिवाय तुमची भोकं बंद होती. दरवर्षीचं पावसाचं पाणी दारात साचून त्याच उंचीला थांबत असेल, तर रेघ पडायला पूर कशाला हवा? आजोबांनी गाडी कधी घेतली? आरसी पुस्तक काढा.

मुळशी_एक्सप्रेस

अहो, बाईंना जरा रडू द्या की.

कागदपत्रे

पुस्तक काढणारच असाल तर दुसऱ्या कारणासाठीही काढा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरण ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत. तुमच्यासारखे दाराच्या तळाचे ठिगळ त्यात मोडू नयेत, पण कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो जपून ठेवा. तुमची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर खासगी वापराचा प्रश्न तिथेच येईल. संगम पुलाजवळच्या आरटीओत कागद दाखवून आधी विचारा, रंग नंतर द्या.

अर्धाटन

शनिवारातले, तुमचं तोंड गोड करायला हवं की काय करायला हवं ते कळत नाही.

पुस्तक सापडलं, देव्हाऱ्याच्या खणात. पहिले दोन मालक मुंबईचे. आजोबांच्या नावावर गाडी झाली नोव्हेंबर १९६३ मध्ये. म्हणजे पुराच्या दिवशी ही मुंबईत होती. डॅशबोर्डच्या मागे गाळ नाही, कोळ्याची जाळी आहेत. माती सासवडची. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग दुसरी गाडी असेल." दुसरी गाडी कधीच नव्हती.

उजवा बोर्ड निघाला. त्यावर आहे "वू नये".

रसायन

येथे गाणी वाजवू नये?

मुळशी_एक्सप्रेस

येथे गाढवे चढवू नये. दिवेघाट आहे, शक्य आहे.

शनिवारातला

अहो, सरळ आहे. येथे गाडी लावू नये.

मुळशी_एक्सप्रेस

म्हणजे साठ वर्षं ही गाडी पोटात "येथे गाडी लावू नये" घेऊन जिथे-तिथे उभी राहिली. धागा वसूल.

भोसरीचा_अण्णा

पाटी झाली, आता पत्रा.

दाराचा तळ. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० गेज ०.९. तुमचा जुना पत्रा चांगल्या जागी मोजा आणि त्याच जाडीचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा घ्या, जाड घेतला की शेजारचा पातळ पत्रा वेल्डिंगला जळतो. गंज जिथे संपतो तिथे कापू नका, त्याच्या पुढे बोटभर, ठणठणीत पत्र्यावर कापा. ठिगळ आधी पुठ्ठ्याचं करा, बसलं की मग पत्र्याचं. वेल्डर आणलात तर त्याला सांगा, सीओटू गॅसचं वेल्डिंग, ०.८ मिमीची तार, सलग रेघ ओढायची नाही. एक टिपका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा परत इकडे. मध्ये हात टेकवून बघा, हात टेकत नसेल तर चहा घ्या. सलग ओढली की दाराला पोट येतं आणि ते पोट लांबीने झाकावं लागतं, मग तुम्ही पुन्हा तिथेच.

सँडब्लास्टिंगवाल्याकडे दार पाठवू नका. सपाट पातळ पत्रा मोठ्या दाबाने मारला की लाटा उठतात. चासीसाठी ठीक आहे.

आणि बोर्ड परत लावायचा का? माझं मत, नको. कारखान्यातून नव्हता. दार उघडं ठेवा, रंगवा, झाकण स्क्रूने लावा. पाणी कुठे साचतंय ते डोळ्याला दिसेल.

कुशनवाला_नाना

अण्णांचा मान राखून, माझं मत वेगळं. कारखान्यातून आलेली गाडी मुंबईच्या मालकांची होती. ह्यांची गाडी हिरव्या रेक्झीनची आहे.

शनिवारातला

पहिल्यांदाच सांगतो, अण्णांशी सहमत आहे. जीर्णोद्धार करायचा तर मूळ स्थितीचा करा, आठवणींचा नको.

अर्धाटन

दीड महिना गायब होते. वेल्डर मिळायला चार आठवडे, काम दोन दिवसांत.

डाव्या पायाकडच्या कोपऱ्याने छळलं. तिथला पत्रा दोन्ही बाजूंनी वळतो, आत आणि खाली, कागदाचा फर्मा बसतच नाही. अण्णांच्या सांगण्यावरून चामड्याची पिशवी शिवून घेतली, वाळू भरली, लाकडी हातोडा घेतला. पहिला तुकडा वाटीसारखा झाला, दुसरा परातीसारखा. मग एका सकाळी कसब्यात तांबट आळीत जाऊन नुसती बसले. तिथे एक काका हंड्यावर मठारकाम करत होते. ठोका जागचा हलत नव्हता, हंडाच हाताखाली फिरत होता. मी माझा तुकडा दाखवला. त्यांनी बोटाने वाजवला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तुम्ही मध्ये मारताय. कडेपासून या." पत्रा स्वतः ठोकून द्यायला नाही म्हणाले, "तांबं ऐकतं, हा वाद घालतो." घरी येऊन कडेपासून आले. मधूनमधून गॅसवर लाल करून हळूहळू गार होऊ दिला. चौथा तुकडा बसला. फार सुंदर नाही, पण पुठ्ठ्यामागे जातो.

टपाच्या अस्तराला आधी अप्पा बळवंत चौकातून बायंडिंगचा जाड पुठ्ठा आणला होता. कापला, वाकवला, दिसला झकास. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी छपराखाली असूनही त्याला दमट हवेनेच पोक आलं. मग २ मिमीचा एबीएस प्लास्टिकचा पत्रा घेतला, पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळतो. तो वर दाबून बसवला, सगळीकडून नीट स्क्रू आवळले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर मध्ये लाट.

सहा_व्होल्ट

प्लास्टिक तापलं की वाढतं. सव्वा मीटरचा तुकडा असेल तर जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारी तापलेल्या टपापर्यंत चार मिमीच्या पुढे फरक पडतो. मधला एक स्क्रू घट्ट ठेवा, बाकीची भोकं लांबट करा, वॉशरखाली तुकडा सरकायला जागा ठेवा. कडा पट्टीच्या आत झाकतील.

अर्धाटन

हो, तेच केलं. लांबट भोकं कानशीने, बावीस. लाट गेली. दिसायला मात्र जरा चकचकीत दिसतं, म्हणून मागची खरखरीत बाजू पुढे आणून बिनचमकीचा रंग मारला. मागे ज्यूटचा नमदा, टपाला चिकटवलेला, अस्तराला नाही.

डॅशबोर्डवरचा ग्रिलचा ऑइलपेंट रसायनताईंच्या पद्धतीने पाण्याने घासला. त्याच्याखाली अजून एक थर, आणि त्याच्याही खाली मूळ करडा. कोपऱ्यात नखाएवढा तुकडा तसाच ठेवून त्यावरून रंग जुळवून घेतला. दुकानदाराने तीनदा विचारलं, "एवढा मेलेला रंग?"

पाण्याची परीक्षा परवा झाली. निचऱ्याची भोकं मोकळी केलेली, दाराच्या पोटात इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर. काच वर करून काचेच्या फटीवर बादली ओतली. खालून आधी थोडी विटकरी धार आली, मग नितळ. मी जमिनीवर आडवी झोपून बघत होते, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, बरं वाटत नाही का.

भोसरीचा_अण्णा

शाब्बास. विटकरी धार आली म्हणजे अजून घडीत माती आहे. पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक बादली.

मुळशी_एक्सप्रेस

बोर्डाचं काय ठरलं? आम्ही इथे दोन पार्ट्या करून बसलोय.

अर्धाटन

अण्णा, शनिवारातले, तुमचं पटलं होतं. दारं आतून करड्या रंगाने रंगवली, झाकणं स्क्रूने बसवली, आठवडाभर तशीच ठेवली आणि गाडी खरंच कारखान्यातून आल्यासारखी दिसत होती. मग आई बघायला आली. दार उघडलं, आत डोकावली आणि म्हणाली, "ही कुणाची?"

म्हणून नवे बोर्ड केले, जुन्यांचा फर्मा लावून. नानांच्या रीतीने आधी भोकं, मग सील, मागे प्लास्टिकचा पडदा. कप वॉशर, एका बाजूला अकरा स्क्रू, दहा मिनिटांत निघतात, म्हणजे खालचा करडा पत्राही कुणाला बघायचा तर आहे. रेक्झीनचा हिरवा रंग नानांनी स्वतः शोधून दिला, पैसे घेतले नाहीत, फक्त पाटीचा फोटो मागितला. जुनी पाटी आमच्या पार्किंगच्या भिंतीवर लावली. मधला "डी ला" पेंटरकडून वेगळ्या फळीवर लिहून घेतला. सोसायटीच्या सेक्रेटरींना आवडली.

काल आईला पुन्हा बसवलं. तिने दार ओढून घेतलं, तळहात बोर्डाच्या खालच्या कडेवरून पुढून मागे फिरवला, परत फिरवला, काहीतरी शोधल्यासारखा.

"इथे एक खिळा वर आलेला असायचा," म्हणाली. "माझे दोन फ्रॉक फाटले त्याच्यावर. कुठे गेला?"

एकोणचाळीस चुका डब्यात आहेत. त्यातली कुठली ते ती आज सकाळपासून शोधतेय.